भट्टी कोण फुंकत होतं

माझ्या मावशीची उमेदीची सगळी वर्षं थर्मामीटरमध्ये पारा भरण्यात गेली. ताप आला की आपण थर्मामीटर झटकतो, काखेत धरतो आणि आकडा वाचून ठेवून देतो. तो कुणीतरी भरलेला असतो हे आपल्या मनातही येत नाही. केसाएवढं बारीक भोक असलेली काचेची नळी, आणि तिच्या टोकाला फुंकून काढलेला फुगा. तो फुगा ज्योतीवर तापवायचा, आतली हवा हुसकायची आणि नळीचं उघडं तोंड चटकन पाऱ्याच्या वाटीत बुडवायचं. गार होता होता नळी आपणच पारा ओढून घेते, तहानलेल्या वासरासारखी. मग पुन्हा तापवायचं, पुन्हा बुडवायचं. आत हवेचा एक कणही राहता कामा नये.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. टेबलांना चारी बाजूंनी लाकडी काठ ठोकलेले, पारा घरंगळून खाली जाऊ नये म्हणून. तरी तो जायचाच. फरशीच्या फटींत त्याचे मणी चकाकत बसायचे आणि बायका ओल्या कागदाने ते गोळा करून परत वाटीत टाकायच्या. ज्योत हलू नये म्हणून खिडक्या बंद असायच्या. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत छान ऊब असे. मावशीला ती खोली आवडायची. "बसून काम, कोरडं काम, आणि शेजारी गप्पा मारायला माणूस. आणखी काय हवं?" असं ती म्हणायची.

ते शेजारचं माणूस म्हणजे फुंकणी. नळ्यांच्या टोकाचे फुगे फुंकायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे फुंकणी म्हणायचे. मावशीचं नाव पारूबाई पडलं होतं. हे नाव पाऱ्यावरून पडलं की तिचा पारा चढायचा त्यावरून, हा कारखान्यातला जुना वाद होता.

पण तो चढू लागला तो पुढे. आधी मावशी तशी शांत बाई होती. मी तिच्याचकडे वाढले. आई गेल्यावर तिने आणि काकांनी मला आणलं, ते कायमचंच. मला आठवतं, मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना घरातलं काहीतरी हळूहळू बिघडू लागलं. चहा बशीत सांडायचा. सुईत दोरा ओवायला ती काकांना सांगायची. काका शिंपी होते, तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मग ती चिडू लागली. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून एकदा तिने ताट भिंतीवर भिरकावलं. भाजी तिनेच केली होती. नंतर न्हाणीघरात जाऊन रडली. दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची. सख्ख्या नणंदेसमोरसुद्धा येईना. नणंद म्हणाली, "वहिनीला शिंगं फुटली आहेत." काकांनी मान खाली घालून शिवण चालू ठेवली. ते मला एवढंच म्हणाले, "वय आहे. जाईल हळूहळू."

वयाने येणारं काही नव्हतं ते. ओळखलं एका तरुण डॉक्टरांनी, तेही ती हिरड्या दुखतात म्हणून गेली होती तेव्हा. त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि घरचा पत्ता लिहायला सांगितला. मावशीचं अक्षर एके काळी मोत्यासारखं होतं. कागदावर मुंग्यांची रांग पायाखाली यावी तसं काहीतरी उमटलं.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"थर्मामीटर भरते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. ती श्वासातून आत जाते आणि आधी हात धरते, मग स्वभाव. चिडणं, लोकांसमोर यायची भीती वाटणं, हे सगळं त्यातलंच.

"म्हणजे मी अशी नाही?" मावशीने विचारलं.

"तुम्ही कशा आहात ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्या खोलीतून बाहेर पडा. मग आपल्या दोघांनाही कळेल."

तिने काम सोडलं. मालकांनी तिला चांगल्या शब्दांत निरोप दिला, पण डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पटलं नाही. त्यांचे वडीलही त्याच खोलीत बसायचे म्हणे, आणि ते म्हातारे होऊन गेले. मावशीनेही वाद घातला नाही. ती वाद घालण्याच्या स्थितीतच नव्हती. घरी बसून ती हातांकडे बघत राहायची, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि तिच्याकडे ठेवायला दिले होते.

काकांकडे कपडे द्यायला येणाऱ्यांत जुन्या ग्रंथसंग्रहालयाचे व्यवस्थापक होते. तिथे वाचनकक्षाच्या दाराशी बसायला माणूस हवं होतं. वाचकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या, शाईचं पेन आत जाऊ द्यायचं नाही, कुणी मोठ्याने बोललं तर त्याच्याकडे बघायचं. काकांनी हळूच विषय काढला. मावशी म्हणाली, "माणसं बघितली की मला धडकी भरते, आणि तुम्ही मला दारात बसवता?"

"तिथे कुणी बोलत नाही," काका म्हणाले. "बोलायची बंदीच आहे."

हा मुद्दा तिला पटला.

तर असं तिचं वाचनकक्षात बसणं सुरू झालं. उंच छताची खोली, हिरव्या काचेचे दिवे, पोथ्या ठेवायला कापसाच्या उशा. पोथ्यांना तिने हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. सांगणाऱ्याने ते तिच्या हातांकडे न बघता सांगितलं, म्हणून तिला तो माणूस बरा वाटला.

रोज येणाऱ्यांत एक संशोधक बाई होत्या. जाड चष्मा, बोटांना पेन्सिलीचा काळा डाग, आणि पिशवीत कायम अर्धं खाल्लेलं सफरचंद. देशोदेशीच्या जुन्या किमयेच्या ग्रंथांवर त्या पुस्तक लिहीत होत्या. एकदा आत जाताना त्यांच्या हातातली एका चित्राची प्रत मावशीला दिसली. भट्टी, तिच्यावर लांब चोचीचं भांडं, आणि भट्टीपाशी वाकलेला माणूस.

"हे काय शिजवतायत?" मावशीच्या तोंडून निघून गेलं. अनोळखी माणसाशी ती आपण होऊन बोलून बरेच महिने झाले होते.

"पारा," बाई म्हणाल्या.

मावशीचा चेहरा असा काही झाला की बाई थांबल्या. दुपारी मागच्या अंगणातल्या बाकावर दोघी डबा घेऊन बसल्या. बाईंनी तिला सांगितलं की आपण सहज म्हणतो तो 'किमया' हा शब्दच अरबीतून आलेला आहे, आणि अरबीत तो त्याही आधी कुठून आला यावर पंडितांची अजून भांडणं चालली आहेत. हलक्या धातूचं सोनं करायचं, म्हाताऱ्याचा तरुण करायचा, मरण चुकवायचं, असल्या खटपटी जगात जागोजागी चालल्या होत्या. आणि नवल म्हणजे, हजारो कोस दूर राहणारी, एकमेकांची भाषा न कळणारी ही माणसं पाऱ्याच्याच नादी लागली होती. अरबी ग्रंथ म्हणतात, सगळे धातू पारा आणि गंधक यांच्या मिलनातून झाले. संस्कृतात तर त्या शास्त्राचं नावच रसशास्त्र, आणि रस म्हणजे पारा. चीनमध्ये हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, तापवून त्यातून अमरत्वाच्या गोळ्या करायचे.

"गोळ्या? खायच्या?"

"खायच्या. राजेसुद्धा खायचे. त्यांच्या इतिहासात लिहिलेलं आहे, त्या गोळ्यांनी काही राजे मेले."

मावशी घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "मेले ते मेले. हौस होती, खाल्ल्या. पण ती भट्टी फुंकणारा? तो तर खात नव्हता. त्याचं काय झालं ते लिहिलंय का कुठे?"

बाई म्हणाल्या, "मी तसं शोधलं नाही कधी." मग सफरचंदाचा एक चावा घेऊन, "शोधू या की."

त्या दिवसापासून दुपारची ती बैठक ठरून गेली. बाई सकाळी वाचायच्या आणि दुपारी बाकावर त्यातलं मावशीला सांगायच्या. सुरुवातीला हाती काही लागेना. त्या ग्रंथांची भाषाच अशी, की सरळ सांगेल तर शपथ. हिरवा सिंह सूर्याला खातो. राजा राणीबरोबर स्नानाला उतरतो आणि मरतो. साप स्वतःचं शेपूट गिळतो. मावशीला वाटायचं, आता आपल्याला कळलं. हिरवा सिंह म्हणजे नक्की हिरव्या काचेची बाटली, असं तिने एकदा ठणकावून सांगितलं. बाईंनी सांगितलं की तो बहुधा तेजाब असावा, किंवा हिराकस, किंवा आणखी काही. चार पंडितांची पाच मतं आहेत. "मग माझं सहावं घ्या लिहून," मावशी म्हणाली. बाई मोठ्याने हसल्या आणि वरच्या खिडकीतून कुणीतरी शुक् केलं.

संस्कृत ग्रंथात पाऱ्याचे दोष सांगितले होते. त्यांत एक विष होतं आणि एक चंचलपणा. मावशीने मान डोलावली. "चंचल तर आहेच. फरशीवर पडला की बघा, बोट लावायच्या आत चौघांत वाटणी करून पळतो." दुसरीकडे, रसशाळेत कामाला माणसं कशी असावीत हे लिहिलेलं होतं: धडधाकट, उद्योगी, निर्मळ मनाची. "म्हणजे नोकरीची जाहिरात," मावशी म्हणाली. "घेताना धडधाकट घेतली. सोडताना कशी होती?"

ते काही त्यात नव्हतं. बाईंनी एका जुन्या रोमन ग्रंथात एक ओळ शोधून आणली. हिंगुळाची पूड करणारे कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधायचे, धूळ आत जाऊ नये म्हणून. मावशीने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा माहीत होतं." त्या रात्री घरी तिने काकांना ही गोष्ट सांगितली, आणि जेवताना पुन्हा सांगितली. ती इतकं बोलतेय याचंच आम्हाला अप्रूप.

मग थंडीच्या अखेरीला बाई एका लॅटिन ग्रंथाची प्रत घेऊन आल्या. हा किमयेचा ग्रंथ नव्हता. एका वैद्याने निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांची दुखणी लिहून ठेवली होती. आरशांना पाठीमागून पारा लावणाऱ्यांबद्दल त्यात मजकूर होता. बाई शब्द जुळवत हळूहळू अर्थ सांगू लागल्या. या माणसांचे हात थरथरतात. त्यांना धाप लागते. ज्या आरशात इतरांनी हौसेने बघायचं, त्यात यांना आपलं दुखणं बघावं लागतं.

बाईंनी वर पाहिलं तेव्हा मावशी रडत होती. त्या घाबरल्या. "मी हे वाचायला नको होतं का?"

"नाही, वाचा," मावशी म्हणाली. "पुन्हा एकदा वाचा. मला वाटायचं, माझाच स्वभाव सडला."

ती घरी आली ती तडक काकांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "फुंकणी अजून तिथेच आहे."

ग्रंथसंग्रहालयाला पुढची सुटी आली त्याच दिवशी ती कारखान्यात गेली. मी बरोबर गेले होते. दारापाशी तिचे पाय थबकले. माणसांची ती जुनी धास्ती अजून पूर्ण गेली नव्हती. आत गेल्यावर तर सगळंच फिसकटलं. तिने मालकांना आरसेवाल्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली, मधेच हिंगूळ आणला, मग रोम, मग चीनचा राजा. मालक म्हणाले, "पारूबाई, तुम्ही पोथ्यांजवळ बसलात हे चांगलं झालं. पण आम्हाला कामं आहेत." टेबलांशी बसलेल्या बायकांपैकी दोघीतिघी हसल्या. फुंकणीने मान वर केली नाही. मावशीचा पारा चढला, आणि ती जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर ती म्हणाली, "झालं. वेडी ठरले."

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी सांत्वन केलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिकडे जाऊ नका. त्यांना इकडे बोलवा." किमयेच्या पोथ्यांचं एक प्रदर्शन ग्रंथसंग्रहालयात भरवायचं त्यांच्या मनात होतंच. त्यात एक कपाट वाढलं. बाकीच्या कपाटांत सोनेरी शाईची चित्रं, सिंह, साप, राजे, राण्या, अरबी भांड्यांच्या आकृत्या, चिनी गोळ्यांच्या कृती. शेवटच्या कपाटात दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. नुसत्या मजकुराची पानं, आणि खाली साध्या भाषेत त्यांचा अर्थ. वर पाटी: 'भट्टी कोण फुंकत होतं'. ती मावशीने सुचवली होती. त्या कपाटापाशी तिने उभं राहायचं असं ठरलं. तिने आठवडाभर नाही म्हटलं आणि मग काकांकडून नवा कोट शिवून घेतला.

कारखान्यातल्या बायकांना बाईंनी रीतसर आमंत्रण पाठवलं. आल्या थोड्याच. फुंकणी सगळ्यांत मागे होती, हात खिशात घालून. ती सिंहांपाशी रेंगाळली, सापापाशी रेंगाळली, आणि शेवटी मावशीच्या कपाटाशी आली. खालचा मजकूर तिने ओठ हलवत वाचला.

"हे खरंय का गं?" तिने विचारलं. "की तू घुसडलंस?"

"मला लॅटिन येतं का घुसडायला?"

फुंकणी हसली. मग तिने खिशातून हात काढला आणि काचेवर ठेवला. बोटं काचेवर टकटक वाजत होती, एका लयीत, तिच्या इच्छेशिवाय. "कुणी विचारलं की मी सांगते, थंडी आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात काय सांगू, तेच कळत नव्हतं." मावशीने आपला हात तिच्या हातावर ठेवला. दोन्ही थरथरणारे हात एकमेकांवर बसले आणि थोडे शांत झाले. मी ते बघितलं आहे, म्हणून सांगते.

पुढचं मग फार नाट्यमय नाही. फुंकणी डॉक्टरांकडे गेली, मग तिच्या मागून बाकीच्या. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सगळ्यांचं मिळून लिहून दिलं आणि ते घेऊन स्वतः मालकांना भेटले. मालक वाईट माणूस नव्हते. एका बाईचा स्वभाव म्हणून त्यांनी जे झटकलं होतं, ते सगळ्या टेबलाचे हात थरथरताना त्यांना झटकता येईना. त्यांनी स्वतःचीही तपासणी करून घेतली, आणि निकाल आल्यावर कुणाशी न बोलता सुतार बोलावला. ज्योतींवर धूर ओढणारी धुराडी बसली. फरशी उखडून नवी केली. वर्षभरात पाऱ्याच्या जागी लाल रंगाचा मद्यार्क भरलेले थर्मामीटर निघू लागले. ते तितके नेमके नसतात अशी कुरकूर मालक अजून करतात. फुंकणी तीन महिने घरी बसली, मग कंटाळून ग्रंथसंग्रहालयात आली आणि कायमच्या झालेल्या प्रदर्शनाच्या तिकीटखिडकीवर लागली. आता दोघी दुपारी बाकावर भांडतात.

मावशीचे हात पुष्कळ सुधारले. पूर्ण नाही, थंडीत अजून कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण नणंद आली तर ती बाहेर येते, आणि नणंदेलाच आता वाटतं की वहिनी जरा कमी बोलली तर बरं. आठवड्यातून एकदा ती पाहुण्यांना किमयेची कपाटं दाखवते. बाईंकडून तिने अरबी अक्षरं शिकायला घेतली आहेत. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी वेगवेगळं का दिसतं, यावर ती अजून रागावलेली आहे.

काका ते प्रदर्शन बघायला फार उशिरा आले. त्यांचं म्हणणं, मला त्यातलं काय कळणार. शेवटी मावशीनेच ओढून नेलं. ती त्यांना प्रत्येक कपाटाशी उभं करून सांगत होती: हे भांडं बघा, याच्या चोचीतून वाफ जाते, इथे गार होते, इथे थेंब पडतो. काका हं हं करत होते. एका मोठ्या चित्रापाशी मात्र ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चित्रात दाढीवाला किमयागार भट्टीपुढे दोन्ही हात पसरून उभा होता, पायघोळ झगा घालून.

"या माणसाने कधी भट्टीजवळ काम केलेलं नाही," काका म्हणाले.

"का?"

"बाह्या बघ ना. गुडघ्यापर्यंत लोंबतायत. पहिल्याच फुंकरीला पेटल्या असत्या."

मावशीने चित्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि ती हसत सुटली. हसता हसता तिला कपाट धरावं लागलं. वाचनकक्षातून कुणीतरी शुक् केलं, तर ती तशीच हसत दाराकडे वळून म्हणाली, "अहो बाई, जरा बाहेर या. सातवं मत आलंय."